शाबूत पाकिटातलं नाणं

हर्षल कुलथे या सराफाने कात्री उचलली, दुकानातल्या कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि मग पाकीट कापलं.

"ताई, नीट बघा. सील शाबूत आहे. तुमच्यासमोर कापतोय. नंतर वाद नको."

काउंटरच्या अलीकडे जास्मिन मकासरे उभी होती. दवाखान्यातली ड्यूटी संपवून ती थेट संगमनेरच्या या दुकानात आली होती. गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा काढायचं राहिलं होतं. पिशवीत सासूच्या गुडघ्यांचे एक्स-रे होते. नाणं विकायचं, पैसे दवाखान्यात भरायचे आणि सासूचं ऑपरेशन उरकून घ्यायचं, एवढं सरळ काम होतं.

हर्षलने नाणं काट्यावर ठेवलं. उचलून पुन्हा ठेवलं. मग कानस घेऊन कडेला जरा घासली. पिवळ्या मुलाम्याखालून लाल तांबं दिसलं.

"ताई, हे सोनं नाही."

"मी इथूनच घेतलंय. तुमच्याच हातून."

"कार्डावरचा नंबर आमच्या बिलाचाच आहे. पण कार्ड आमचं नाही." त्याने पाकिटाचं कार्ड उजेडात धरलं. त्यावरच्या कमळाच्या चित्रातून एक बारीक पांढरी रेघ वरपासून खालपर्यंत गेली होती. "आमच्या छपाईत असली रेघ येत नाही. कुणीतरी आमचं कार्ड समोर ठेवून नक्कल केलीय."

जास्मिनने दोन्ही हातांनी काउंटर धरला. आता घरी काय होणार, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं.

आणि झालंही तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मोठा दीर स्टीफन तिला घेऊन पोलीस ठाण्यात हजर झाला. घेऊन म्हणजे, पुढे घालून. मागे तिचा नवरा जोएल होता, मान खाली घातलेला.

सहायक पोलीस निरीक्षक विजयमाला दहातोंडे यांचा राग ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होता. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे. उलट समोरच्याशी त्या फार आदराने बोलू लागत. त्यांनी कुणाला 'आपण' म्हटलं की हवालदार सहादेव खुर्ची मागे सरकवून बसायचा.

"बसा," त्या स्टीफनला म्हणाल्या. "काय म्हणणं आहे तुमचं?"

"साधी गोष्ट हाय, मॅडम." स्टीफन साखर कारखान्यात कामाला होता आणि यंत्रांच्या आवाजात बोलून त्याला ओरडूनच बोलायची सवय लागली होती. "आमचे वडील वारले. त्यांच्या फंडाचे पैसे आईला आले. पाटल्या करू म्हनलं, तर ही म्हनली, न्हाई, नाणं घेऊ. नाणं हिनंच पसंत केलं. हिनंच एकटीनं जाऊन आणलं. आईनं ते कुलपात ठेवलं. त्या दिसापासून पाकीट कुनी फोडलं न्हाई. सील शाबूत हाय, सराफाच्या कॅमेऱ्यात दिसतंय. मंग अदलाबदल कवा झाली? दुकानापासून घरापर्यंतच्या वाटेत. आन वाटेत कोन हुतं? ही एकटी!"

"स्वतःच चोरलेलं नाणं ती स्वतःच सराफाकडे तपासायला घेऊन गेली?"

"अडकली म्हनून गेली. सासूचं ऑपरेशन निघालं. न्हाई म्हनली असती तर संशय आला असता. आता सराफावर ढकलायचं, एवढाच डाव हाय. माझी तक्रार लिहून घ्या."

युक्तिवाद सरळ होता, आणि त्याचाच विजयमालांना संताप आला, कारण त्यात बोट घालायला फट दिसत नव्हती. पाकीट शाबूत, म्हणजे घरात कुणी हात लावलेला नाही. घरात हात लावलेला नाही, म्हणजे घरात येण्याआधीच लबाडी झाली. कोर्टातला कुणीही वकील हेच बोलला असता.

"बाळ कुठे आहे?" त्यांनी जास्मिनला विचारलं.

उत्तर स्टीफनने दिलं. "पोर घरी ऱ्हाईल. आमच्या भावाचं पोर हाय ते. चोरीचा डाग लागलेल्या बाईकडं न्हाई द्यायचं."

जास्मिनने नवऱ्याकडे पाहिलं. जोएल भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

गुन्हा दाखल झाला असता तर दवाखान्याने जास्मिनला त्याच दिवशी कामावरून कमी केलं असतं. नोकरी गेली असती, घर गेलं असतं आणि जेमतेम चालायला लागलेलं लेकरू तिच्या कडेवरून काढून घेतलं गेलं असतं. हे सगळं एका बारक्या चकतीपायी. विजयमालांनी फाईल मिटली.

"गुन्हा आजच दाखल होईल," त्या म्हणाल्या. "कुणाच्या नावावर, ते संध्याकाळी सांगते. आपण आता घरी जावं."

'आपण' ऐकून सहादेवने खुर्ची मागे सरकवली.

दोघे भाऊ गेल्यावर विजयमालांनी जास्मिनला चहा दिला आणि समोर बसवलं.

"नाणंच का घेतलं? पाटल्या का नाही?"

"पाटल्यांना घडणावळ द्यावी लागते, मॅडम. मोडायला गेलं की घट धरतात. शिवाय दागिन्यात तांबं मिसळलेलं असतं. आईंना मिरवायचं नव्हतं, अडीनडीला ठेवायचं होतं. म्हणून म्हटलं, चोख चोवीस कॅरेटचं सीलबंद नाणं घेऊ. घरात सगळ्यांना बसवून समजावलं मी. चोख म्हणजे काय, भेसळ म्हणजे काय. भाऊजी म्हणाले, नाणं काय कपाळाला चिकटवायचं का? पण आईंना पटलं."

"पाकिटाबद्दल काय सांगितलं होतं?"

"सील फोडायचं नाही. सीलबंद असलं तर सराफ फारसं बघत नाही, फोडलेलं असलं तर घासून तपासतो. हेच तर मी सगळ्यांना पढवलं होतं." ती कडवट हसली. "आता तेच माझ्यावर उलटलं."

"तेव्हा बाळ झालं होतं?"

"नाही. सातवा महिना होता मला. एसटीने गेले होते संगमनेरला, पोट सांभाळत. आणि हे म्हणतात, वाटेत बदललं!"

"घरी आणल्यावर कुठे ठेवलं?"

"आईंच्या पत्र्याच्या पेटीत, बायबलच्या खाली. किल्ली त्यांच्या कमरेला असते. त्यानंतर मी ते कालच पाहिलं. आईंनी फडक्यात गुंडाळलेलंच हातात दिलं. फडकं मी दुकानात सोडलं."

"विकायचं कुणी ठरवलं?"

"मीच. आईंना ओट्यापर्यंत जाववत नाही. भाऊजी लगेच हो म्हणाले. जोएल मात्र रोज म्हणायचा, थांब, भाव चढतोय, घाई करू नको. शेवटी मी म्हटलं, आईंचे गुडघे भावाची वाट बघत बसणार नाहीत."

बोलता बोलता तिने गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बोटाभोवती गुंडाळली होती. कार्डावर तिचा हसरा फोटो होता. त्यातल्या गालावरून एक बारीक पांढरी रेघ खाली उतरली होती. विजयमालांनी ती पाहिली आणि जीप काढायला सांगितली.

मकासऱ्यांचं घर कोल्हारला, चर्चच्या मागच्या आळीत होतं. प्रवरेच्या पुलावरून उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, त्यामुळे जीपला वेळ लागला. शेजारपाजारच्या बाया दारात उभ्या होत्या. स्टीफनने रविवारच्या उपासनेची वाटसुद्धा पाहिली नव्हती. चर्चच्या सगळ्या मंडळीला आधीच सांगून झालं होतं.

जास्मिनची सासू मरियाबाई खाटेवर बसली होती. एके काळी मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम केलेली ही म्हातारी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला, गुडघे सुजलेले. नातू तिच्या पायाशी वाटी आपटत होता. जास्मिन आत आली तसा तो दोन्ही हात वर करून तिच्याकडे निघाला, आणि स्टीफनने त्याला मधेच उचललं.

"त्याला खाली ठेवा," विजयमाला म्हणाल्या.

स्टीफनने ठेवलं. जास्मिनने लेकराला कडेवर घेतलं आणि मग त्याला सोडलंच नाही.

विजयमालांनी बाकीच्यांना ओसरीवर पाठवलं आणि खाटेजवळ स्टूल ओढलं.

"आजी, नाणं कुठे ठेवलं होतं?"

"पेटीत. बायबलखाली."

"कालपर्यंत तिथेच होतं?"

म्हातारी अडखळली. "मुंग्या लागल्या हुत्या. मंग काढलं."

"कुठे ठेवलं?"

तिने वरच्या फळीकडे बोट केलं. तिथे बाळाच्या दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा होता, घट्ट झाकणाचा. "त्यात. मुंगी जात न्हाई त्यात."

"हे कुणाला सांगितलं?"

"कुनाला कशाला सांगू? सोन्याची जागा काय सांगत्यात व्हय?"

"पेटीत खायचं काय ठेवलं होतं?"

"खायचं न्हाई बाई. लुगडी हायेत."

"मग लुगड्यांना मुंग्या लागल्या?"

मरियाबाईने पदर तोंडावर धरला. मग एक विचित्र गोष्ट घडली. ज्या बाईला ओट्यापर्यंत जाववत नव्हतं, ती भिंतीचा आधार घेत उठली, ओट्यापाशी गेली आणि तिथली चंदन उगाळायची असते तसली दगडी सहाण हंड्याच्या मागे सारून आली. परत बसताना ती वेदनेने कण्हली.

"काय झालं, आजी?"

"काय न्हाई. पोरगं पाडंल पायावर, म्हनून."

पोरगं त्या वेळी आईच्या कडेवर होतं.

विजयमाला ओसरीवर आल्या. स्टीफन तयारच होता.

"नाणं घरात कुठे होतं, सांगा."

"पेटीत. बायबलखाली. साऱ्यांना म्हाईत हाय."

"तुम्हाला विकायची एवढी घाई का होती?"

"घाई म्हंजे? आईचे गुडघे हायेत. आन खरं सांगू का, उरल्या पैशात माझा बी वाटा हुता. खोटं कशाला बोलू?" त्याने छातीवर हात मारला. "मी बोलतो ते तोंडावर बोलतो."

या माणसाचा विजयमालांना मनापासून राग आला होता. पण तो खरं बोलतोय, हे त्यांना कबूल करावं लागलं, आणि त्यामुळे राग आणखीच वाढला.

जोएलचं दुकान कोल्हारच्या स्टँडसमोर होतं. फलकावर लिहिलं होतं: झेरॉक्स, आधार, पॅन, शाळा-कॉलेजची ओळखपत्रं, प्लास्टिक कार्ड हातोहात. तो जीपच्या आधीच पोहोचला होता आणि शटर अर्धं उघडून बसला होता. काउंटरवरचा मोबाईल सारखा थरथरत होता. विजयमाला आत येताच त्याने तो पालथा घातला.

"बायकोवर आळ आलाय आणि तुम्ही दुकान उघडलंत?"

"गिऱ्हाईक थांबत नाही, मॅडम." तो हळू आवाजात, शिकल्या माणसासारखा बोलत होता. "आणि मी काय बोलणार? दादा म्हणतो त्याला उत्तर नाही. पाकीट शाबूत आहे. मला जास्मिनबद्दल वाईट वाटतं. पण पुरावा पुरावा असतो."

"तुम्ही नाणं शेवटचं कधी पाहिलं?"

"आणलं त्या दिवशी. जास्मिनने सगळ्यांना दाखवलं, आईने ठेवून दिलं. त्यानंतर मी त्याला हात लावलेला नाही. नजरेनंही पाहिलं नाही."

"आईंनी कुठे ठेवलं होतं?"

"वरच्या फळीवर. बाळाच्या दुधाचा डबा आहे ना, त्यात."

विजयमालांनी मान डोलावली. काउंटरवर शाळेच्या पोरांची नवी ओळखपत्रं रबर लावून ठेवलेली होती. त्यांनी गठ्ठा उचलला, एकेक कार्ड उजेडात धरून पाहिलं आणि परत ठेवला.

"नाणं विकू नका असं तुम्ही म्हणत होता म्हणे."

"भाव चढतोय ना, मॅडम. खरं तर मला ते घेणंच पटलं नव्हतं. सोनं नुसतं पडून राहतं. पैसा फिरवला पाहिजे. महिन्याला दहा टक्के देणारे लोक आहेत."

"होते," विजयमाला म्हणाल्या. "त्यांच्या ऑफिसला कुलूप आहे आणि आमच्या ठाण्यात फसलेल्या लोकांची रांग आहे. आपण तक्रार द्यायला आला नाहीत ते?"

जोएलने पालथा मोबाईल आणखी पालथा घातल्यासारखा दाबून धरला. "माझा काही संबंध नाही."

"दुकान बंद करा आणि आमच्याबरोबर घरी चला. आपल्या सगळ्यांना एकत्र बसायचं आहे."

बाहेर सहादेव हळूच म्हणाला, "मॅडम, आज दोनदा 'आपण' झालं."

"आणखी होणार आहे."

ऊन कलायच्या आत सगळे पुढच्या खोलीत जमले. खाटेवर मरियाबाई, तिच्या शेजारी लेकराला घेऊन जास्मिन, दारात दोघे भाऊ. विजयमाला आत गेल्या, हंड्यामागची सहाण उचलून आणली आणि मधल्या स्टुलावर ठेवली.

मरियाबाईने डोळे मिटून घेतले.

"सकाळपासून मला एकच गोष्ट सांगितली जातेय," विजयमाला म्हणाल्या. "पाकीट शाबूत, म्हणून जास्मिन चोर. मीही त्यावर डोकं आपटत होते. मग एक बाई दुखऱ्या गुडघ्यांवर उठली आणि तिने हा दगड लपवला. इकडे या, स्टीफन. उजेडात बघा."

स्टीफन वाकला. काळ्या दगडावर बारीक पिवळ्या रेघा होत्या. धुऊनही न गेलेल्या, तिरप्या उजेडात चमकणाऱ्या.

"हळद हाय?"

"सोनं आहे. चोख सोनं. आता आजी, तुम्ही सांगता की मी सांगू?"

म्हातारी हुंदका देऊन बोलायला लागली. "मी चाटवलं वं बाई. मधात उगाळून सोनं चाटवलं नातवाला. माझ्या दोन्ही पोरांना चाटवलं हुतं, माझ्या सासूनं. ही म्हनली हुती, वरीस झाल्याबिगर मधाचं बोट लावायचं न्हाई, डॉक्टर न्हाई म्हनत्यात. म्हनून ही ड्यूटीला गेली की चोरून."

"आई!" जास्मिन ओरडली.

"अंगठी होती ना तुमच्या बोटात," विजयमाला म्हणाल्या. "नाणं कशाला घेतलंत?"

"अंगठीत तांबं असतंय. हिनंच तर सांगितलं साऱ्यांना बसवून, नाण्यात भेसळ न्हाई, चोख हाय म्हनून. मंग एवढं चोख घरात असताना लेकराला भेसळीचं का चाटवू? कातरीनं पाकीट कापलं. उगाळून झालं की नाणं पुसून परत घालायची आन दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावायची. मध ऱ्हायला आसंल जरासा, तर मुंग्या लागल्या. मंग डब्यात ठेवलं, आन चाटवायचं बी बंद केलं." तिने जास्मिनचा हात धरायचा प्रयत्न केला. "माझ्यामुळंच झालं ह्ये. उगाळून उगाळून त्यातलं सोनं सरलं आन तांबं ऱ्हायलं. सांगायचं हुतं गं मला. पन तू पोर घेऊन जाशील म्हनून भ्याले."

ही बाई रात्रंदिवस असा समज करून बसली होती की आपणच सोन्याचं तांबं केलं.

"आजी, तुम्ही वर्षभर उगाळलं असतं तरी कड जरा झिजली असती, बस," विजयमाला म्हणाल्या. "सोन्याच्या आत सोनंच असतं. तुमचं नाणं खरं होतं, त्याचा पुरावा हा दगड आहे. जास्मिनने घरात आणलं ते चोख सोनं होतं. ती सुटली."

स्टीफन सहाण उचलून उजेडात फिरवून बघू लागला.

"आता पाकिटाचं बघा. आजींनी ते कापलं होतं, पट्टी लावली होती. सराफाकडे गेलं ते मात्र अखंड, कुठे पट्टी नाही, काप नाही. कापलेलं प्लास्टिक आपोआप जुळत नाही. म्हणजे ते पाकीटच दुसरं. शाबूत सील हा जास्मिनविरुद्धचा पुरावा नव्हताच. घरात बाळ आल्यानंतर कुणीतरी सगळंच बदललं, त्याचा तो पुरावा होता."

"पन कुनी?" स्टीफनचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"ज्याने बदललं त्याला नाणं तपासणीला जायला नको होतं. तुम्ही म्हणालात, विका. जास्मिन म्हणाली, विका. एकच माणूस रोज म्हणत होता, थांबा, भाव चढतोय." विजयमालांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं, सकाळी ठाण्यात जमा झालेलं पाकिटाचं कार्ड काढलं. "या नकली कार्डावर पांढरी रेघ आहे. कार्ड छापायच्या मशीनच्या छपाईपट्टीतला एक दात मेला की त्यातून निघणाऱ्या प्रत्येक कार्डावर त्याच जागी अशी रेघ उठते. जास्मिन, तुमचं ओळखपत्र कुणी छापलं?"

जास्मिनने गळ्यातलं कार्ड वर उचललं. गालावरची रेघ तिने आज पहिल्यांदाच पाहिल्यासारखी पाहिली.

"दवाखान्याचं हरवलं होतं. जोएलने करून दिलं."

"शाळेच्या पोरांची कार्डं आज पाहिली. सगळ्यांच्या तोंडावरून तीच रेघ."

"मशीन काय, कुणीही वापरू शकतं," जोएल म्हणाला. "जास्मिनसुद्धा दुकानात येते."

"येते. म्हणून मी आपल्याला विचारलं, नाणं कुठे होतं. सगळं घर म्हणतं, पेटीत. आपण म्हणालात, बाळाच्या दुधाच्या डब्यात. आपण नाणं शेवटचं पाहिलं ते आणलं त्या दिवशी, हेही आपणच सांगितलंत. त्या दिवशी जास्मिनला सातवा महिना होता. या घरात बाळ नव्हतं, तर बाळाच्या दुधाचा डबा कुठून आला?"

जोएल दारातून ओसरीकडे एक पाऊल मागे सरला.

"आजींनी जागा बदलली ती कुणालाही न सांगता. डब्यातून नाणं ज्याने काढलं त्यालाच डबा माहीत. पट्टी लावलेलं पाकीट आपण हातात घेतलंत. पण परत ठेवताना पट्टीचं ठेवलं नाहीत, कारण बायकोने शिकवलं होतं, फोडलेलं पाकीट सराफ तपासतो, सीलबंद असलं तर सोडतो. म्हणून मुलाम्याचं नाणं मागवलंत, मूळ कार्ड समोर ठेवून नवं छापलंत, छान सील केलंत. आईला मोतीबिंदू. फडक्यातलं तिला काय दिसणार? आणि खरं नाणं गेलं महिन्याला दहा टक्क्यांत."

"परत ठेवणार होतो मी," जोएल पुटपुटला. "पैसे सुटले की तसंच दुसरं नाणं आणून..."

"ते नंतर सांगा. मला राग चोरीचा नाही आलेला," विजयमाला म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू झाला होता की सहादेव दाराबाहेर जाऊन उभा राहिला. "पाकीट आधीच फोडलेलं होतं, हे या घरात दोनच माणसांना माहीत होतं. आजी घाबरून गप्प बसल्या. आपण आज सकाळी माझ्यासमोर उभे होतात. आपला भाऊ घसा फोडून सांगत होता, पाकीट कुणी फोडलं नाही म्हणून ही चोर. आपल्याला ठाऊक होतं की ते खोटं आहे. एक वाक्य बोललात की बायको सुटत होती. आपण कॅलेंडर वाचत होतात. पुरावा पुरावा असतो, असं वर मलाच ऐकवलंत!"

जास्मिन रडली नाही. ती नवऱ्याकडे बघत राहिली. जोएलला ती नजर सोसवेना, तो भिंतीकडे वळला.

स्टीफन खाकरला. टोपी काढली, परत घातली.

"मॅडम, झालं ते वंगाळ झालं. पन आता भाऊच हाय म्हनल्यावर... घरातलं हाय. घरात मिटवून घेऊ. पोलीस केस कशाला? चारचौघांत नाव जाईल."

विजयमाला उठून उभ्या राहिल्या. दिवसभर दाबलेला राग आता त्यांच्या हाताच्या बोटांत आला होता. त्यांनी खाटेची कड धरली.

"सकाळी आपण सून पुढे घालून ठाण्यात आलात. तेव्हा घरातलं नव्हतं? तिचं लेकरू तिच्या हातातून घेतलंत, तेव्हा घरातलं नव्हतं? सगळ्या मंडळीत बोंब मारून आलात, तेव्हा चारचौघे कुठे गेले होते? सून असली की गुन्हा आणि भाऊ निघाला की घरातलं?"

स्टीफन खाली बघत राहिला.

"नाणं आजींचं आहे," विजयमाला म्हणाल्या. "तक्रार त्यांनी द्यायची. आजी, मुलगा तुमचा आहे. मी जबरदस्ती करणार नाही."

मरियाबाई आपल्या गुडघ्यांवर हात फिरवत बसली. जोएल एक पाऊल पुढे आला. "आई," तो म्हणाला, "आई, मी परत आणून देतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती सुनेकडे पाहत होती, लेकराच्या पाठीवरच्या तिच्या हाताकडे.

"लिहा बाई," ती म्हणाली. "मरिया शलमोन मकासरे. माझं नाणं माझ्या पोरानं चोरलं आन आळ माझ्या सुनंवर येऊ दिला. दोन्ही लिहा. एक लिहून एक सोडू नका." मग ती म्हणाली, "आन म्या मध चाटवला, त्ये बी लिहा."

"त्याचा कायदा नाही, आजी."

"त्यासाठी आईंकडे मी घरी बघते," जास्मिन म्हणाली. ती रागावली होती, पण सासूने धरलेला हात तिने सोडवला नव्हता. "वर्षाच्या आत मध! काही झालं असतं पोराला, म्हणजे?"

"बोल गं. लई बोल. ऐकते मी."

सहादेव आत आला आणि जोएलच्या दंडाला धरून त्याला जीपकडे नेऊ लागला. दारात जोएल थांबला. "जास्मिन, वकिलाला तरी..."

जास्मिनने लेकराला सासूच्या मांडीवर दिलं. गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली आणि ओळखपत्र स्टुलावर, सहाणेशेजारी ठेवलं.

"मॅडम, हे पण घ्या पुराव्यात," ती म्हणाली. "मी दुसरं करून घेईन. दुसरीकडे."

विजयमालांनी कार्ड पिशवीत घातलं, त्यावर सही केली आणि जास्मिनचीही सही घेतली. बाहेर दारादारांत बाया अजून उभ्या होत्या. जास्मिन उंबऱ्यावर आली आणि जीप सुरू होईपर्यंत सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली.